झाडाने घातलेलं मीठ

चंद्रावती परसातल्या रोपांना खाडीचं पाणी घालते, हे आधी पाहिलं माझ्या बायकोने, मालतीने. आमचं घर आणि त्यांचं घर यांच्यामध्ये कमरेएवढा एक दगडी गडगा आहे. मालती सकाळी कपडे वाळत घालत होती. चंद्रावती खाडीच्या बांधावरून बाल्दी घेऊन वर आली, विहिरीवर जाऊन दुसरी बाल्दी भरली आणि भिंतीलगत मांडलेल्या रंगाच्या जुन्या डब्यांपाशी बसली. एका ओळीतल्या डब्यांत तिने या बाल्दीतलं पाणी घातलं, दुसऱ्या ओळीत त्या बाल्दीतलं.

"वयनी, ह्या पाणी खंयचा?" मालतीने गडग्यावरून विचारलं.

"खाडीचा."

"झाडांक?"

"अर्ध्या झाडांक," चंद्रावती म्हणाली, आणि पुन्हा कामाला लागली.

मालती घरात येऊन मला म्हणाली, "चंद्रावती वयनीचा डोका फिरला." मी पणजीला कचेरीत जाणारा माणूस, बस चुकेल या काळजीत होतो. मी नुसता हुंकार दिला. पण त्या बाल्द्यांमागे काय घडलं होतं, ते मला मालतीपेक्षा जरा जास्त ठाऊक होतं, कारण सुरुवातीला मीही तिथे होतो.

चंद्रावती आमच्या आगरवाड्याची नव्हे. तिचं माहेर डिचोलीकडे, डोंगराच्या पायथ्याला. तिथे पावसाळ्यात बाजारातून भाजी आणायची पद्धतच नव्हती. आई डोंगरावर जायची आणि ओटीत टाकळ्याचा पाला, कुड्याच्या शेंगा, फागलां असं काही ना काही घेऊन यायची. चंद्रावती लहानपणापासून तिच्या मागे. अनोळखी पान दिसलं की आई आधी ते चुरडून मनगटाच्या आतल्या बाजूला चोळायची. खाज सुटली नाही तर दुसऱ्या दिवशी ओठाला लावायची. मग उकडून, पाणी ओतून टाकून, एक घास खायची. तो पहिला घास ती मुलांना देत नसे, स्वतः खायची आणि दिवसभर वाट बघायची.

अशा घरातली मुलगी लग्न होऊन खाडीच्या काठी आली. तिच्या नवऱ्याचं, पांडुरंगाचं, घराणं मीठ करणारं. घरासमोर मीठागर, त्यापलीकडे बांध, बांधापलीकडे शापोऱ्याची खाडी. चंद्रावतीने पहिल्याच वर्षी सासूला विचारलं, "हंयची रानभाजी खंय गावता?" सासूने बाजाराच्या दिशेने हात केला. म्हणाली, "खाऱ्या जमनीत काय उगवता गो?"

पण उगवत होतं. बांधाच्या उतारावर एक पसरणारी वेल होती, तांबूस देठाची, बोटाच्या पेराएवढ्या फुगीर पानांची. चंद्रावतीला ती घोळीच्या भाजीसारखी दिसली. तिने नाव विचारलं तर कुणालाच सांगता येईना. म्हशी खातात, एवढंच कळलं. तिने आईच्या रीतीने मनगट, ओठ आणि घास असं सगळं केलं. पान दातांखाली काकडीसारखं मोडलं आणि तोंडात मिठाची चव पसरली. मग तिने ती पानं उकडून कांदा, हिरवी मिरची आणि भरपूर खोबरं घालून केली. मीठ घालावंच लागलं नाही. तिने स्वतःपुरतं त्याचं नाव ठेवलं, खारी घोळ.

घरात दुसऱ्या कुणी ती खाल्ली नाही. पांडुरंग म्हणाला, "ज्याच्यार मी दिसभर पाय देतंय, ता माका वाढू नको." पण त्याने तिला अडवलंही नाही. फक्त एकदा बांधाच्या टोकाला नेऊन एक झाड दाखवलं, पान तोडलं की पांढरा चीक येणारं. "ह्येका हात लावू नको. चीक डोळ्यात गेलो तर डोळो जातलो. बाकी तुका काय चावचा ता चाव." एवढ्या परवानगीवर तिची पुढली वर्षं गेली. सासू गेली. मुलगा साईश मोठा होऊन वास्कोला बंदरात नोकरीला लागला. चंद्रावती वर्षातून काही दिवस एकटीच खारी घोळ खात राहिली.

पांडुरंगाला मिठाचं वेड होतं असं म्हटलं तर चुकणार नाही. जेवताना पानात चिमूटभर जास्त लागायचं. पेजेबरोबर सुका बांगडा हवा, आंब्याची फोड मिठातली हवी. मीठागरात तो कोंड्यातल्या, म्हणजे मीठ धरायच्या वाफ्यातल्या, पाण्यात बोट बुडवून जिभेला लावायचा आणि सांगायचा, ह्या कोंड्यातलं पाणी परवा बसेल. परवा मीठ बसायचंच. त्याच्या जिभेवर आजूबाजूचे मीठागरवालेही विसंबून असायचे.

तीन-चार वर्षांमागे, जानेवारीत, मीठागराचं काम नुकतंच सुरू झालं असताना, तो बांधावर बसला तो उठेना. डोळ्यांपुढे काळोख आला, डोकं गरगरायला लागलं. मला त्या दिवशी रजा होती. मी आणि चंद्रावतीने त्याला रिक्षात घालून आरोग्य केंद्रात नेलं. तिथल्या डॉक्टर समीक्षा, वयाने आमच्या साईशपेक्षा थोड्या मोठ्या. त्यांनी रक्तदाब मोजला, थांबून पुन्हा मोजला. औषध दिलं, दोन तास झोपवून ठेवलं आणि मग खुर्ची जवळ ओढून पथ्य सांगितलं. मीठ कमी. पापड, लोणचं, सुकी मासळी बंद. वरून मीठ घ्यायचंच नाही.

पांडुरंग उठून बसला. "डॉक्टरबाय, मीठ करणाऱ्याक मीठ सोड म्हणून सांगतास?"

"करा की खुशाल," डॉक्टर म्हणाल्या. "फक्त खाऊ नका."

तो हसला, पण घरी आल्यावर त्याचं जेवणच तुटलं. अळणी आमटी तो दोन घास खाऊन सारायचा. पेज नुसती ढवळत बसायचा. भाताला हात लावून उठायचा. चंद्रावतीने आंबट करून बघितलं, तिखट करून बघितलं. तो म्हणायचा, "चांगला असा," आणि ताट तसंच. कपडे अंगावर ढगळ झाले. गोळ्या मात्र नेमाने घेत होता. संध्याकाळी घरापुढच्या बाल्कांवात बसून मीठागराकडे बघत राहायचा.

एके दिवशी चंद्रावतीच्या मनात आलं, आपण मिठाशिवाय खातो अशी भाजी बांधावर आहे की. तिने खारी घोळ आणली, खोबरं घालून केली, मिठाच्या डब्याला हात लावला नाही. पांडुरंगापुढे ताट ठेवलं आणि काही सांगितलं नाही. त्याने एक घास घेतला. मग दुसरा. मग भात मागितला.

"ह्यात मीठ घातलंस?"

"एक कण पण नाय. तुमची शपथ."

"मगे ह्या काय?"

"तुमी ज्याच्यार पाय देतात ता."

तो इतका हसला की आम्हाला गडग्यापलीकडे ऐकू आलं. त्यानंतर रोज दोन्ही वेळा खारी घोळ. कधी खोबऱ्यातली, कधी डाळीत, कधी नुसती तेलावर परतलेली. चेहऱ्यावर तकाकी आली. चंद्रावती मालतीला म्हणाली, "इतकी वर्सां हे भाजयेक हसत होते, आता तीच उपयोगाक इली."

पुढच्या तपासणीला ती त्याला घेऊन मोठ्या उमेदीने गेली. डॉक्टरांनी पट्टा गुंडाळला, मोजलं, कपाळाला आठी घातली. रक्तदाब उतरला नव्हता, उलट किंचित चढलाच होता. गोळ्या घेताय का, घेतोय. पापड, नाही. बांगडा, नाही. वरून मीठ, नाही.

"मग जेवता काय?"

चंद्रावतीने सगळं सांगितलं. पिशवीत दुपारचा डबा होता, तो उघडून दाखवला. डॉक्टरांनी भाजीतलं एक पान उचलून तोंडात टाकलं आणि चावता चावता थांबल्या.

"मावशी, हे खारट आहे."

"होय. पण मी मीठ घातलेला नाय."

"तुम्ही नाही घातलं हो. झाडाने घातलंय." त्या रागावल्या नव्हत्या. उलट आवाज खाली आणून म्हणाल्या, "मीठ डब्यातलं असो नाहीतर पानातलं, पोटात गेलं की सारखंच. खाडीच्या पाण्यावर वाढलेलं झाड मीठ आत घेतं. काकांनी कित्येक आठवडे हेच खाल्लंय. आता रक्तदाब उतरेपर्यंत मीठागरात उन्हात राबणंही बंद."

 घरी पोचल्यावर चंद्रावती ओट्यावर बसली आणि म्हणाली, "मी माझ्या हातान तुमका मीठ भरवलंय." पांडुरंग तिच्या शेजारी टेकला. तो म्हणाला, "गोड लागला म्हणान मी खाल्लंय. तू काय माझ्या तोंडात कोंबलंस?" पण तिचं समाधान झालं नाही.  उरलेली खारी घोळ तिने म्हशीपुढे टाकली.

मात्र डोक्यातून तो शब्द जाईना. झाडाने घातलं. म्हणजे कुठे घातलं? मुळात, देठात, पानात? सगळ्या पानांत सारखं? आणि झाडाला मीठ मिळालंच नाही तर ते काय करेल, मरेल की मिठाशिवाय वाढेल? हे प्रश्न तिने आधी मला विचारले. मी शाळेत असताना वनस्पतीची मुळं-खोड-पानं अशी आकृती काढली होती, त्यापलीकडे माझी मजल नव्हती. मग ती एकटीच आरोग्य केंद्रात गेली, रुग्णांच्या रांगेत बसली, आणि आपली पाळी आल्यावर आजारपणाबद्दल काहीच न बोलता हे प्रश्न विचारले.

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. "मला खरंच माहीत नाही."

"मगे कोणाक म्हायत?"

"कुणाला तरी असेल. पण तुमच्या बांधावरच्या झाडाचं तुम्हीच करून बघू शकता. गोड्या पाण्यावर लावून बघा. आणि काय झालं ते मला येऊन सांगा, मलाही कळायला हवंय. मात्र कळेपर्यंत काकांना द्यायची नाही."

मालतीने पाहिल्या त्या बाल्द्या ह्याच.

चंद्रावतीने बांधावरून करंगळीएवढे तुकडे आणले होते, प्रत्येकाला निदान एक पेर असलेले. रंगाचे डबे खालून भोकं पाडून वाळू आणि माती मिसळून भरले. पेर मातीत जाईल असे तुकडे खोचले. आधी सगळ्यांना विहिरीचं पाणी दिलं, आणि नवी पालवी दिसल्यावर ओळी वेगळ्या केल्या. एक खाडीच्या पाण्यावर, दुसरी विहिरीच्या.

डोकं फिरलं म्हणणारी मालती रोज सकाळी गडग्यावर कोपरं टेकून पाहणी करायला लागली. संध्याकाळी मी बसमधून उतरलो की आधी ती बातमी. खाडीवरची पानं जाड होतायत. विहिरीवरची वेल लांब पळतेय पण पानं चपटी. खाडीवरचा देठ तांबडा, विहिरीवरचा हिरवा. एकाच बांधावरचे तुकडे, महिना-दीड महिन्यात बघणाऱ्याला वाटावं ही दोन वेगळी झाडं आहेत. आणि ज्याची मला सर्वांत गंमत वाटली ती गोष्ट म्हणजे गोड्या पाण्यावरचं झाड मेलं नाही. जरा मरगळलेलं, पण जगत होतं.

चंद्रावतीने दोन्ही चाखली. खाडीचं पान नेहमीसारखं खारट. विहिरीचं पान जवळजवळ बेचव, मागाहून किंचित खारटपणा. पण तिचा स्वतःवर भरवसा राहिला नव्हता. "एकदा फसलंय," ती म्हणाली. "माझी जीब सांगता म्हणान ह्येंका कशी वाढू?"

पांडुरंग बाल्कांवातून हे सगळं ऐकत असायचा. इतके दिवस तो त्यात पडला नव्हता. त्या दिवशी तो तिथूनच म्हणाला, "पाणी आटव."

"काय?"

"दोनय पाले उकड. पाणी वेगळा काढ. उन्हात आटव. मीठ असला तर बसतला. मिठाक लपूक येणा नाय."

मग तो स्वतःच उठला. दोन्ही ओळींतली पानं एकाच वाटीने सपाट मोजून घेतली. चंद्रावतीने ती वेगवेगळ्या भांड्यांत विहिरीच्या पाण्यात उकडली आणि गाळली. पांडुरंगाने ते पाणी स्टीलच्या दोन ताटल्यांत ओतलं, परसात ऊन सर्वांत उशिरापर्यंत राहतं ती जागा हेरली, वर जुन्या नऊवारीचा पातळ तुकडा ताणून बांधला. एप्रिलचं ऊन. दिवसभर तो खुर्ची टाकून कावळे हाकत बसला. मीठागरात जायला मनाई झाल्यापासून मी त्याला असा टवटवीत पाहिला नव्हता.

संध्याकाळी आम्ही चौघेही ताटल्यांभोवती वाकलो. खाडीवरच्या पानांच्या ताटलीच्या तळाला तपकिरी-पांढरा जाड थर होता आणि त्यात बारीक कण चमकत होते. पांडुरंगाने चिमूट घेऊन अंगठ्याखाली चिरडली, नेहमीच्या सवयीने. "ह्या मीठच," तो म्हणाला. दुसऱ्या ताटलीत हिरवट, चिकट साय. तिला तिरपं धरलं तेव्हा कडेला एक पुसट पांढरी रेघ दिसली, तेवढीच.

"बांधाच्या ह्या बाजूक मीठागर घातलंस गो तू," तो चंद्रावतीला म्हणाला.

त्यानंतर नवरा-बायकोला नादच लागला. जून झालेली पानं एका ताटलीत, शेंड्याची कोवळी दुसरीत, आणि जून पानांचा थर जाड निघाला. एकदा उकडून पाणी ओतलेली पानं पुन्हा उकडली, तर दुसऱ्या पाण्यातही मीठ बसलं. याचं चंद्रावतीला फार आश्चर्य वाटलं. एकदा पाणी ओतलं की सगळा खार गेला, अशी तिची समजूत होती. देठ वेगळे उकडून झाले. मुळं झाली. परसात ताटल्यांची रांग लागली आणि घरात जेवायला ताटल्या उरल्या नाहीत. मालतीने आमच्या चार दिल्या.

डॉक्टर समीक्षा एका रविवारी स्कूटरवरून मुद्दाम बघायला आल्या. एकेक ताटली उचलून बघत त्या पांडुरंगाला प्रश्न विचारत राहिल्या. ऊन सगळ्यांना सारखं मिळालं का? पानं मोजली की वजन केली? फुगीर पानात पाणीच जास्त, मग वाटीचं माप बरोबर कसं? पांडुरंग डोकं खाजवायला लागला. "ह्या माझ्या लक्षात इला नाय," तो म्हणाला. डॉक्टर म्हणाल्या, माझ्याही आत्ता आलं. त्यांची एक मैत्रीण पणजीला कॉलेजात शिकवत होती आणि तिथे मीठ मोजायची सोय होती. पानांच्या पुड्या बांधून माझ्या पिशवीत दिल्या गेल्या. बसमध्ये मांडीवर पिशवी घेऊन मी बसलो होतो. शेजारच्याने विचारलं, काय नेतोस? मी म्हटलं, भाजी. याहून जास्त सांगत बसलो असतो तर माझा थांबा चुकला असता.

उत्तर आलं ते बरंचसं ताटल्यांसारखंच. गोड्या पाण्यावरच्या कोवळ्या पानांत मीठ फार थोडं, आणि उकडून पाणी ओतलं की आणखी कमी. खाडीवरच्या पानांत मात्र उकडूनही बरंच उरत होतं. डॉक्टरांनी हिशेब करून परवानगी दिली. विहिरीच्या पाण्यावरची, कोवळी, उकडून पाणी ओतलेली, लहान वाटीभर, आठवड्यातून एकदा.

इतकी खटपट करून ती वाटी पांडुरंगापुढे आली. त्याने चव घेतली आणि म्हणाला, "ह्या गवत असा."

चंद्रावतीला हसावं की रडावं कळेना. पण आता तिला हार मानायची नव्हती. बिमलांचा आंबटपणा, तिरफळ, भाजलेलं खोबरं, मिरीची पूड, असं ती एकेक घालत गेली. तिरफळ आणि बिमलं एकत्र आली तेव्हा तो म्हणाला, "आता गवत नाय." हळूहळू आमटीही उतरायला लागली, पेजही. रक्तदाब पावसाळा सरेपर्यंत ताळ्यावर आला. चंद्रावती डॉक्टरांना म्हणाली, "भाजयेन गुण दिलो." डॉक्टरांनी लगेच सांगितलं, "भाजीने नव्हे, मावशी. गोळ्यांनी आणि मीठ सोडल्याने. भाजीने एवढंच केलं की काका पानावर बसायला लागले." हे चंद्रावती अजूनही सगळ्यांना जसंच्या तसं सांगते.

पुढच्या हंगामात डॉक्टरांनी पांडुरंगाला सकाळच्या वेळी थोडं काम करायला मोकळीक दिली. पहिल्या दिवशी तो बांधावरून चालताना थांबला, वाकला, खारी घोळीचं एक जाडजूड पान तोडून त्याने तोंडात टाकलं. चंद्रावती मागून पाण्याची बाटली घेऊन येत होती. तिने बघितलं, त्याने पान थुंकलं आणि तोंड वाकडं केलं.

"केवढा खारट गो ह्या! ह्या मी रोज दोन वेळा खाय होतंय?"

"आवडीन," ती म्हणाली.

तो बांधावरच उभा राहिला. जी चव गेली म्हणून तो वर्षभर झुरला, ती चव आता त्याला सोसवत नव्हती. चंद्रावती सांगते की त्याचे डोळे भरून आले. पांडुरंग सांगतो की खारामुळे पाणी आलं.

पण त्यातून एक वेगळाच घोटाळा झाला. त्याने सवयीने कोंड्यात बोट बुडवून जिभेला लावलं आणि सांगितलं, परवा बसतला. परवा नुसतं पाणी होतं. तेरवाही पाणीच. शेजारचे मीठागरवाले त्याच्याकडे बघायला लागले. आयुष्यात त्याचा अंदाज चुकला नव्हता. दोन रात्री त्याला नीट झोप आली नाही. मग चंद्रावतीच म्हणाली, "पाणी तसाच असा. तुमची जीब बदलली." आता थोडा खारही त्याला फार लागत होता, म्हणून पाणी लवकर तयार झालंय असं वाटत होतं. त्याने जीभ बाजूला ठेवली. पाण्याचा रंग, वाऱ्याने पडणारी सुरकुती, कडेला धरणारी साय, हे तो नव्याने बघायला शिकला. हंगामाच्या मध्यावर पुन्हा त्याचा शब्द खरा ठरू लागला.

मीठागराच्या कोपऱ्यात एक कोंडा होता. त्याचा तळ झिरपायचा, तिथे कधी धड मीठ बसलं नाही. पांडुरंगाने तो चंद्रावतीला देऊन टाकला. बांधातल्या मानशीतून, म्हणजे भरतीचं पाणी आत घ्यायच्या लाकडी दारातून, एक बारीक पाट त्याने तिकडे काढला, आणि विहिरीवरून एक नळी आणली. हवं तसं पाणी मिसळता येईल अशी सोय. तिथे आता तीन वाफे आहेत, एक खारा, एक गोडा आणि एक मधला. मधल्या वाफ्यातली भाजी वाड्यावर बऱ्याच घरांतून जाते. आमच्याकडेही बुधवारी असते. हरमलहून गौरेश नावाचा एक आचारी मोटरसायकलवरून येतो. त्याला खाऱ्या वाफ्यातलीच पानं लागतात, माशाबरोबर कच्ची द्यायला. चंद्रावती त्याला पानं देते आणि प्रत्येक वेळी बजावते, रक्तदाबवाल्यांना देऊ नको. "मी विचारूनच वाढतंय, मावशे," असं तो म्हणतो.

यंदा चंद्रावतीचं लक्ष फुलांकडे गेलं. खारी घोळीला गुलाबी, चांदणीसारखी फुलं येतात. ती थोडा वेळ उमलतात आणि मिटून जातात. मिटलेल्या फुलाच्या जागी पुढे एक बोंड धरतं. ते तिने नखाने उघडलं तर आत तिळाहून बारीक, काळे, चकचकीत दाणे. इतकी वर्षं तिने तुकड्यांवरून लागवड केली होती, बी कधी पेरलं नव्हतं. तिने दोन पसरट डबे घेतले, वाळू भरली, बी टाकलं, आणि एकाला खाडीचं, दुसऱ्याला विहिरीचं पाणी घातलं. मोठी झाडं खाऱ्यात फुगतात, गोड्यात मरगळतात, म्हणून तिची खात्री होती की खाऱ्या डब्यात जोराने उगवेल.

मे महिन्यात एका सकाळी तिने हाक मारून आम्हाला गडग्यावर बोलावलं. पांडुरंग आधीच उकिडवा बसला होता, चष्मा नाकाच्या टोकावर आणून. विहिरीच्या पाण्याच्या डब्यात टाचणीच्या डोक्याएवढी हिरवी पानं दोन-दोन करून वर आली होती. खाडीच्या पाण्याच्या डब्यात नुसती वाळू.

"खाऱ्यात एकय नाय?" मालतीने विचारलं.

"एकय नाय."

"मगे बांधार खंयसून येतत ही?" पांडुरंग म्हणाला. "थंय खंय गोडा पाणी?"

चंद्रावतीने खाऱ्या डब्यातली वाळू बोटाने उकरून पाहिली. मग बांधाकडे बघत म्हणाली, "पावसात. पावसात बांधाची माती धुवान गोडी जाता. तेवाच उगवत असतली. मगे पाऊस गेलो की खार येता."

"आणि तेवड्यात खार सोसण्याइतकी मोठी जातत?"

"माका काय म्हायत," ती म्हणाली. तिने गोड्या डब्यातलं एक रोप काडीने मुळासकट अलगद उचललं, तळहातावर घेतलं आणि थोडा थोडा खार देऊन बघण्यासाठी त्याच्याकरता वेगळी वाटी शोधायला आत गेली.